कॅनरीला न कळलेली धूळ

कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा घेऊन उतरण्याची पद्धत जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सल्ल्यामुळे रूढ झाली. १८६० मध्ये एडिंबरो येथे जन्मलेले हॉल्डेन वैद्यकीची पदवी घेऊनही दवाखान्यात रमले नाहीत. माणूस कोणत्या हवेत श्वास घेतो, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय झाला. घरे, शाळा, गटारे अशा ठिकाणची हवा त्यांनी तपासली.

१८९६ मध्ये त्यांनी खाणींतील स्फोटांवर अहवाल दिला. बहुतेक कामगार भाजून नव्हे, तर स्फोटानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात, असे त्यांनी दाखवले. या वायूचा परिणाम पाहण्यासाठी ते स्वतःच तो हुंगत. लहान प्राण्याचा श्वास जलद चालतो, म्हणून त्याला वायूची बाधा आधी होते. कॅनरी कोलमडला, की माणसांना बाहेर पडायला थोडा वेळ मिळे. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन लहानपणी त्यांच्यासोबत खाणीत उतरत असे. पुढे भारताचे नागरिक झालेले शास्त्रज्ञ ते हेच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉल्डेन कॉर्नवॉलच्या कथिल खाणींकडे वळले. तेथे यंत्राने खडकाला भोके पाडणारे कामगार तरुणपणीच छातीच्या विकाराने दगावत होते. दगडाची बारीक धूळ फुप्फुसे निकामी करते, हे त्यांनी ओळखले आणि भोक पाडताना पाणी मारण्याचा उपाय सुचवला.

कोळशाच्या धुळीबाबत मात्र त्यांचा अंदाज चुकला. कोळसा कामगारांत क्षयाचे मृत्यू कमी दिसत, त्यामुळे ही धूळ फारशी घातक नाही, असे त्यांचे मत होते. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर साउथ वेल्समध्ये जिवंत कामगारांच्या छातीचे एक्स-रे काढले गेले, खाणीतली धूळ मोजली गेली आणि कोळशाच्या धुळीनेही फुप्फुसे कायमची घट्ट होतात, हे उघड झाले. १९४३ पासून ब्रिटनमध्ये अशा कामगारांना भरपाई मिळू लागली.

वायू काही मिनिटांत इशारा देतो. धुळीचा परिणाम दिसायला दहा-वीस वर्षे लागतात. तिच्यासाठी कॅनरी नाही, म्हणून मोजमाप हवे. आज कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरजवळ गाळणी लावतात. जाड कण बाजूला पडतात, फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण गाळणीवर साचतात. पाळीच्या आधी आणि नंतर गाळणीचे वजन केले, की धुळीचे प्रमाण कळते. भारतातील २०१७ च्या कोळसा खाण नियमांनुसार, धुळीत सिलिका पाच टक्क्यांपेक्षा कमी असल्यास आठ तासांची सरासरी एक घनमीटर हवेत दोन मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. सिलिका जास्त असेल, तर मर्यादा आणखी कडक होते. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ भागातील कोळसा खाणींनाही हाच नियम लागू आहे.

फुप्फुसाची ही हानी भरून येत नाही. धूळ वेळीच मोजून कमी करणे एवढेच हाती उरते. धायरीत बांधकामावर फरशी किंवा दगड कापणाऱ्याच्या नाकातोंडात जाणारी धूळही याच जातीची आहे. कटरवर पाण्याची धार सोडणे, हा हॉल्डेन यांनी सुचवलेला उपाय तिथेही लागू पडतो.