रक्ताचं कोडं सोडवायला निघालेल्या डॉक्टरने पाणी आणि अल्कोहोलची गंमत पकडली

घट्ट काकवीत पाणी ओतलं की ती पातळ होते. घट्ट आणि पातळ एकत्र केलं की मधलं काहीतरी तयार होतं, हा आपल्या स्वयंपाकघरातला साधा हिशोब.

आता दुसरं मिश्रण बघा. पाणी सहज वाहतं. शुद्ध अल्कोहोलही जवळपास तितकंच सहज वाहतं. पण दोघांना योग्य प्रमाणात एकत्र केलं, तर ते मिश्रण दोघांच्याही दुपटीहून संथ वाहतं. नुसत्या डोळ्यांना हे चटकन कळत नाही, पण केसासारख्या बारीक नळीतून सोडलं की लगेच पकडलं जातं.

हे पकडणारा माणूस होता पॅरिसचा डॉक्टर झाँ लेओनार मारी प्वाझय.

२२ एप्रिल १७९७ ला पॅरिसमध्ये एका सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. गडी हुशार. १८१५ मध्ये एकोल पोलिटेक्निक या नावाजलेल्या संस्थेत त्याला प्रवेश मिळाला. ज्यांच्या नावावरून विजेचं अँपिअर हे एकक आलं, ते अँपिअर तिथे शिकवायला होते. पण नेपोलियनचा पाडाव झाला होता, राजेशाही परत आली होती आणि नव्या सरकारचा या संस्थेतल्या पोरांवर भरवसा नव्हता. एप्रिल १८१६ मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना घरी पाठवण्यात आलं. प्वाझयचं गणित आणि भौतिकशास्त्र अर्ध्यावर राहिलं आणि तो वैद्यकीय शिक्षणाकडे वळला.

मोजमापाचं वेड मात्र सुटलं नाही. १८२८ च्या प्रबंधासाठी त्याने इंग्रजी यू आकाराच्या नळीत पारा भरून प्राण्यांच्या धमन्यांमधला रक्तदाब मोजला. आज डॉक्टर बीपी सांगताना पाऱ्याचे मिलिमीटर मोजतात, ती वाट या कामाने खुली केली.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. हृदय रक्त ढकलतं हे ठीक, पण शरीरातल्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतून ते किती वेगाने जातं? त्याने बेडकांच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. पण रक्त गोठतं, त्यात पेशी असतात, जिवंत वाहिनीचा आकारही एकसारखा राहत नाही. मग त्याने शहाणपणाने रक्त बाजूला ठेवलं आणि काचेच्या नळ्या व पाणी घेतलं.

त्याचं उपकरण दिसायला साधं होतं. काचेचा एक फुगा, त्याच्या वर एक खूण आणि खाली एक खूण, पुढे जोडलेली अतिशय बारीक नळी. ठरावीक दाब द्यायचा आणि द्रवाची पातळी एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तापमान हलू नये म्हणून सगळं पाण्यात बुडवून ठेवलेलं. काही नळ्यांचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी होता.

यातून जो नियम निघाला तो आज त्याच्या नावाने शिकवतात. नळीचा व्यास दुप्पट केला, तर बाकी सगळं तेच ठेवून प्रवाह दुप्पट नाही, १६ पट होतो. गॉटहिल्फ हागेन या जर्मन अभियंत्यालाही १८३९ मध्ये स्वतंत्रपणे हेच सापडलं होतं, म्हणून दोघांचं नाव जोडून घेतात. प्वाझयचं काम तपासायला फ्रेंच विज्ञान अकादमीने अरागो आणि रेन्योसारख्या मातब्बरांची समिती नेमली होती.

पाण्यावर न थांबता त्याने त्याच पद्धतीने वेगवेगळे द्रव आणि द्रावणं नळ्यांतून सोडली. काही क्षार घातले तर पाणी संथ झालं. पण पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, घातल्यावर पाणी उलट जास्त सहज वाहू लागलं! आणि अल्कोहोल वाढवत नेलं तर मिश्रण आधी संथ होत जातं, एका टोकाला पोहोचतं आणि मग पुन्हा मोकळं होतं.

असं का होतं, हे सांगायला लागणारं रेणूंचं ज्ञान तेव्हा नव्हतं. पाण्याचे आणि अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. ठरावीक प्रमाणात ही पकड इतकी घट्ट होते की रेणूंना एकमेकांवरून सरकणं जड जातं. २५ अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, सुमारे ०.८९ सेंटिपॉइज असते आणि अल्कोहोलची १.१ च्या आसपास. मिश्रणाची मात्र २.३ च्याही वर जाते.

यातला पॉइज म्हणजे प्वाझयच्याच नावाचा तुकडा. २६ डिसेंबर १८६९ ला तो वारला आणि हे नाव सुचवलं गेलं १९१३ मध्ये.

मिश्रणाची श्यानता आधीच सांगता येईल का, हा प्रश्न पुढच्यांनी उचलला. १८८७ मध्ये स्वांट अऱ्हेनियसने सरळ सरासरीऐवजी लॉगरिदमची सरासरी सुचवली. १ आणि १०० श्यानतेचे द्रव समसमान घेतले तर साधी सरासरी ५० च्या घरात जाते, लॉगरिदमची येते १०. काकवीत थोडंच पाणी घातलं तरी ती एवढी पातळ का होते, ते यातून जरा कळतं.

पण अल्कोहोल आणि पाण्यापुढे हाही नियम हात टेकतो, कारण कुठलीही सरासरी काढा, उत्तर दोन टोकांच्या मधेच येणार. १९४९ मध्ये ग्रुनबर्ग आणि निसान यांनी सूत्रात आणखी एक आकडा घातला, त्या दोन द्रवांचं आपसात कसं जमतं ते सांगणारा. हा आकडा सहसा प्रत्यक्ष मोजमापातूनच काढावा लागतो. म्हणजे फिरून गाडी पुन्हा नळीपाशीच येते.

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमधला ऑस्टवाल्डचा व्हिस्कोमीटर आठवतोय? वरची खूण, खालची खूण, हातात स्टॉपवॉच. तत्त्व प्वाझयचंच. फक्त त्यात अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण असेल आणि वेळेवरून प्रमाण ओळखायला सांगितलं असेल, तर जपून. आलेख चढून पुन्हा उतरतो, त्यामुळे एकाच वेळेला बरेचदा दोन उत्तरं निघतात.