कॉलेज वऱ्हाडाच्या दाराशी आणणारे भाऊसाहेब

दरवर्षी २७ डिसेंबर आला की अमरावती-अकोल्यात डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख यांच्या पुतळ्याला हार पडतात. शिक्षणमहर्षी, कृषिमहर्षी अशी विशेषणे भाषणांतून उधळली जातात. दुसऱ्या दिवशी हार सुकतात आणि भाऊसाहेबही विसरले जातात. आम्हाला मात्र या निमित्ताने एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. आज बारावीला चांगले गुण मिळवणारे वऱ्हाडातील मजुराचे पोर पैशाअभावी घरी बसते किंवा कर्ज काढून पुण्याची वाट धरते. ही वाट बंद व्हावी म्हणून ज्या माणसाने हयात घालवली, त्याच्या जीवनाकडून आपण काय शिकलो?

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. वडील शामराव, आई राधाबाई, घराण्याचे मूळ आडनाव कदम. घर शेतकऱ्याचे. सुरुवातीचे शिक्षण पापळला, मग चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती. म्हणजे शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर या मुलाला मुक्काम बदलावा लागला. पुढे तर अमरावतीही अपुरी पडली, कारण त्या काळी तेथे कॉलेजच नव्हते. किंग एडवर्ड कॉलेज (आजची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था) १९२३ साली निघाले. त्याआधीच पंजाबरावांना पुण्याचे फर्ग्युसन गाठावे लागले होते. ज्याच्या बापाला खर्च झेपला नाही त्याचे काय झाले असेल? अशा किती पोरांची बुद्धी वऱ्हाडाच्या काळ्या मातीत गाडली गेली, याची नोंद कोणत्याही इतिहासात नाही.

१९२० साली पंजाबराव विलायतेला निघाले ते घरच्या शेतीवर कर्ज काढून. त्याच वर्षी बाबासाहेबही आपले अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना शिक्षण सोडून परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज, एवढ्या बळावर ते दुसऱ्यांदा गेले. एक महार सुभेदाराचा मुलगा, दुसरा कुणब्याचा. दोघांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. उणा होता तो पैसा, आणि तो का उणा होता हे चळवळीच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

एडिंबरो विद्यापीठात पंजाबरावांनी एम.ए. केले. तेथेच त्यांना संस्कृतच्या संशोधनासाठी व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाली. ऑक्सफर्डला त्यांनी डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टरही झाले. डॉक्टरेटचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. ज्या शूद्राच्या कानावर वेद पडू नये असे धर्मशास्त्र सांगत होते, त्या शूद्राच्या पोराने वेदांवरच पदवी घ्यावी, ही केवढी क्रांतिकारक घटना! या प्रबंधाचा ग्रंथ १९३३ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. स्कॉटलंडमधल्या एका शिष्यवृत्तीने जे केले, ते करण्याची दानत आपल्या देशातील किती देवस्थानांनी आणि सावकारांनी दाखवली होती?

१९२६ साली ते परतले. बॅरिस्टर म्हणून बंगला बांधून सुखात राहता आले असते. पण त्यांनी अमरावतीत बहुजनांच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि त्याचे दार सर्व जातींच्या मुलांना उघडे ठेवले. आज त्यांना एका जातीच्या फोटोफ्रेममध्ये बसवू पाहणाऱ्यांनी हे छात्रालय आठवावे. १९२७ मध्ये अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून अमरावतीत आंदोलन उभे राहिले, त्यात भाऊसाहेब पुढे होते. त्या वर्षी नोव्हेंबरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष होते बाबासाहेब. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता कळली होती. त्याच महिन्यात भाऊसाहेबांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. बोलणे एक आणि वागणे दुसरे, असा हा माणूस नव्हता.

१९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या, प्राथमिक शिक्षणाला पैसा मिळावा म्हणून शिक्षणकर वाढवला. १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाल्यावर १९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती बिल मांडले. देवळांत साठलेला पैसा लोकांच्या कामी, शिक्षणाच्या कामी यावा, हा त्यामागचा विचार. गरिबाच्या शिक्षणाला पैसा नाही ही सबब खोटी आहे, पैसा आहे पण तो चुकीच्या जागी कुलपात आहे, हे भाऊसाहेबांनी त्या काळी ओळखले होते.

१९३२ सालीच श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. या संस्थेचे कॉलेज अमरावतीत १९४६ साली निघाले आणि अकोल्यात १९५४ साली. या दोन तारखांचा अर्थ शहरी माणसाला चटकन कळणार नाही. दर्यापूरच्या, अकोटच्या, बाळापूरच्या पोराला आता कॉलेजसाठी पुण्याला जाण्याची गरज उरली नाही. शनिवारी गावी जावे, ज्वारीचे पीठ बांधून आणावे, कापूस वेचणीला आईच्या हाताखाली उभे राहावे आणि सोमवारी पुन्हा वर्गात बसावे, हे शक्य झाले. मुलींच्या बाबतीत तर कॉलेज जवळ असणे म्हणजेच शिक्षण आणि दूर असणे म्हणजे लग्न, असा सरळ हिशेब होता. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेही मराठवाड्यातील गरिबाला कॉलेज जवळ मिळावे म्हणूनच.

दोघांचे राजकीय मार्ग वेगळे होते. भाऊसाहेब काँग्रेसमध्ये राहिले आणि १९५२ ते १९६२ केंद्रात कृषी खाते सांभाळले. हा फरक झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण घटना समितीत मागासवर्गीयांची बाजू त्यांनी ठामपणे मांडली. तिकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ पासून, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. एकाने शिष्यवृत्ती हक्क म्हणून मिळवली, दुसऱ्याने कॉलेज आणि छात्रालय घराजवळ आणले. या दोन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हाच गरिबाचा मुलगा पदवीपर्यंत पोहोचतो. १० एप्रिल १९६५ रोजी भाऊसाहेबांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे अकोल्यातील कृषी विद्यापीठ १९६९ साली निघाले, ते पाहायला ते नव्हते.

आज काय चित्र आहे? त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २०१६ साली वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणली. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी ती आहे. तिचे सुरुवातीचे दर पाहा. मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर येथे शिकणाऱ्याला वर्षाला ३० हजार आणि इतर ठिकाणी २० हजार. म्हणजे भाऊसाहेबांच्या योजनेत भाऊसाहेबांचीच अमरावती आणि अकोला 'इतर ठिकाणी'! मोठ्या शहरात खर्च जास्त, हे मान्य. पण धारणीहून अमरावतीला आलेल्या आदिवासी मुलाला खोलीभाडे आणि मेसचे पैसे कोणी माफ करत नाही. आमच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. मात्र फॉर्म कधी भरायचा, जात वैधता प्रमाणपत्र कधी काढायचे हे कळेपर्यंत मुदत निघून जाते, आणि मंजूर झालेली रक्कम परीक्षा संपल्यावर खात्यात पडते, असे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

आणि गुणवत्तेचे म्हणाल, तर महागडा क्लास लावून मिळवलेले ९५ टक्के आणि सुटीत सोयाबीन सोंगून मिळवलेले ८० टक्के यांत अधिक गुणवत्ता कशात, हे एकदा ठरवले पाहिजे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पहिल्या आलेल्याला हजार-पाचशेचे पाकीट देणे म्हणजे गुणवत्ता शिष्यवृत्ती नव्हे. पूर्ण फी, राहणे आणि जेवण भागेल, तीन वर्षे खंड पडणार नाही आणि ती गावाजवळच्या कॉलेजात मिळेल, तिलाच शिष्यवृत्ती म्हणावे. भाऊसाहेबांचा वारसा सांगणाऱ्या सर्व शिक्षणसंस्थांनी आणि दानपेट्या भरलेल्या देवस्थानांनी हे आपले कर्तव्य मानले पाहिजे.

पण सगळे दुसऱ्यांवर ढकलून चळवळीला मोकळे होता येणार नाही. अमरावती-अकोल्यात आरक्षणामुळे नोकरीला लागलेला, निवृत्त झालेला मोठा वर्ग आहे. बारावीचा निकाल लागला की प्रत्येक बुद्धविहारात एक टेबल टाकावे. कागदपत्रे तपासावीत, अर्ज भरून द्यावेत. आणि सरकारी पैसा येईपर्यंत मुलाची फी व मेस भागेल एवढा एक फिरता निधी प्रत्येक तालुक्यात उभा करावा. पैसा आला की मुलाने तो निधीत परत करावा, म्हणजे पुढच्याची सोय होईल. येत्या २७ डिसेंबरला हाराचा खर्च वाचवून एवढी सुरुवात केली, तरी पापळच्या त्या शेतकऱ्याच्या पोराची जयंती साजरी झाली असे आम्ही समजू.