विश्लेषण : हिमालयाच्या वळणाचा माग काढणारे दाराशा वाडिया कोण होते?

८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरमधील भूकंपात ७० हजारांहून अधिक बळी गेले. ज्या डोंगरवळणावर तो झाला, त्याची रचना एका भारतीय भूवैज्ञानिकाने ७४ वर्षे आधी उलगडली होती.

जडणघडण कुठे झाली?

दाराशा नौशेरवान वाडिया यांचा जन्म १८८३ मध्ये सुरतचा. शिक्षण बडोदा कॉलेजात. भूविज्ञान ते बऱ्याच अंशी स्वतःच शिकले. १९०७ मध्ये ते जम्मूच्या कॉलेजात प्राध्यापक झाले. शेजारच्या कांगड्यात दोनच वर्षांपूर्वी भूकंपाने सुमारे २० हजार जीव घेतले होते. सुट्टी लागली की वाडिया डोंगरात खडक तपासत फिरत. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी भारताच्या भूविज्ञानावर लिहिलेला ग्रंथ १९१९ मध्ये आला. १९२१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात दाखल झाले.

त्यांनी काय दाखवले?

काश्मीरच्या वायव्येला दोन वेगळे पर्वत येऊन भिडतात, असा समज होता. पर्वत एकच आहे आणि भारतीय भूखंडाच्या कठीण टोकाभोवती तो गुडघ्यासारखा वाकला आहे, हे वाडियांनी १९३१ मध्ये मांडले. या भागातील खडकांचे थर प्रस्तरभंगांवरून एकमेकांवर सरकलेले आहेत.

जुन्या हालचाली कशा कळतात?

काश्मीर खोऱ्यात पूर्वी मोठे सरोवर होते. त्याचा गाळ म्हणजे करेवा. पांपोरचे केशर याच मातीत पिकते. गाळ आडवा साचतो. पीर पंजालच्या उतारावर मात्र तो कललेला आणि हजारो फूट उंच चढलेला दिसतो. म्हणजे गाळ साचल्यानंतर डोंगर उचलला गेला. भूविज्ञानाच्या हिशेबात ही अगदी अलीकडची घटना आहे. वाडियांनी हा पुरावा आपल्या ग्रंथात विशद केला.

पुढे काय झाले?

निवृत्तीनंतर ते सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ होते. स्वातंत्र्यानंतर देशातील अणुखनिजांच्या शोधाची धुरा त्यांनी सांभाळली. १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय भूवैज्ञानिक. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. डेहराडूनची हिमालय भूविज्ञान संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्राशी संबंध काय?

दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. वाडियांच्या हयातीतच, ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने तो समज हलवला. १९९३ मध्ये किल्लारीत हजारो माणसे गेली. तिथे खोदकाम केल्यावर त्याच प्रस्तरभंगावर पूर्वीही हालचाल झाल्याच्या खुणा संशोधकांना आढळल्या. गावाच्या आठवणीत नसलेला धक्का जमिनीत नोंदलेला होता.

कुर्लेकरांनी काय लक्षात घ्यावे?

मऊ गाळ आणि भरावाची जमीन खडकापेक्षा जास्त हादरते. त्यामुळे मिठीकाठी राहणाऱ्यांनी इमारतीचे वय, पाया आणि संरचनात्मक तपासणी यांची चौकशी आजच करावी.