गुलाबराव महाराजांना वाचून दाखवणारी माणसे

अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे ६ जुलै १८८१ रोजी गुलाब गोंदुजी मोहोड यांचा जन्म झाला. जेमतेम आठ-नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांच्या दुखण्यावर चुकीचे औषध पडले आणि दोन्ही डोळे कायमचे गेले. प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते हेच.

तान्ह्या बाळाच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा फार नाजूक असतो. संसर्ग झालेल्या डोळ्यात काहीबाही घातले तर तिथे जखम होते आणि ती भरताना पांढरा डाग उरतो. यालाच आपल्याकडे डोळ्यात फूल पडणे म्हणतात. मध, कांद्याचा रस, घरात कुणाचे तरी उरलेले थेंब, हे प्रकार इतक्या वर्षांनंतरही थांबलेले नाहीत.

चार वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढची काही वर्षे आजोळी आजीने सांभाळले आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास ते वडिलांच्या गावी, चांदूर बाजारजवळच्या माधानला आले. गावात अंध मुलाला शिकवण्याची काहीच सोय नव्हती. १८९६ मध्ये, पंधराव्या वर्षी, मनकर्णिका यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

महाराजांच्या स्मरणशक्तीचे कौतुक सगळेच करतात. एकदा ऐकलेले त्यांच्या लक्षात राही, असे चरित्रकार सांगतात. वैद्यकाच्या नजरेने यात अशक्य काही नाही. लहानपणीच दृष्टी गेली तर मेंदूतला पाहण्यासाठीचा भाग रिकामा पडून राहत नाही, ऐकण्याच्या आणि स्पर्शाच्या कामात तो वापरला जातो. शिवाय ज्याला पान उलटून मागे पाहता येत नाही, त्याला लक्षात ठेवावेच लागते. पण या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. लक्षात ठेवायला आधी कुणीतरी वाचून दाखवावे लागते. १९०१ च्या जनगणनेत भारतात शंभरात पाच-सहा माणसेच साक्षर होती. त्या काळच्या खेड्यात वाचणारा मिळणे, त्यातही संस्कृत ग्रंथ वाचणारा मिळणे आणि त्याला रोज वेळ असणे, हे सोपे नव्हते. पुस्तकांचे ओझे बाळगत महाराज हिंडले आणि जो भेटेल त्याच्याकडून वाचून घेतले. वाचणारा उठून गेला की पुस्तक तिथेच थांबे.

मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. महाराज तेव्हा १९ वर्षांचे होते आणि माधानपासून मुंबई शेकडो किलोमीटर लांब होती. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरायला तर १९५१ साल उजाडले.

तरीही त्यांनी १३० हून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. ते सांगत आणि शिष्य लिहून घेत. मधुराद्वैत हे त्यांचे तत्त्वज्ञान प्रसिद्ध आहे, पण मनाच्या आजारांचा आयुर्वेदाच्या अंगाने विचार करणारे लेखनही त्यांनी केले, आणि डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही परामर्श घेतला. स्वतःची एक सांकेतिक लिपीही त्यांनी तयार केली होती. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वय अवघे ३४ होते.

महाराजांना जे काम माणसांकडून करून घ्यावे लागे, ते आज स्क्रीन रीडर करतो. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो, आणि सरावलेली अंध व्यक्ती डोळसाला समजणारही नाही इतक्या वेगाने तो ऐकते. पूर्वी असे विकतचे सॉफ्टवेअर अनेकदा संगणकापेक्षा महाग पडे. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बनवायला घेतला. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड फोनमधले टॉकबॅकही असेच विनामूल्य आहे.

म्हणजे अडते ते संगणकाच्या किमतीपाशी. पाथरी-मानवत भागातल्या शेतमजुराच्या घरी अंध मुलासाठी लॅपटॉप घेणे अजूनही परवडत नाही. संगणक मिळाला तरी दुसरी अडचण उभी असते. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर स्क्रीन रीडरला अर्थहीन अक्षरे वाटतो, आणि पुस्तकाच्या पानाचा नुसता फोटो असेल तर तो त्याला वाचताच येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केले तर पैसा जास्त लागत नाही, पण शाळा आणि कार्यालये अजूनही याकडे लक्ष देत नाहीत.

नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. संगणकासारख्या साधनासाठी तिथे लेखी मागणी करता येते. केंद्राच्या एडिप योजनेतूनही उत्पन्नाच्या मर्यादेत साधने मिळतात. दोन्हीकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्यावे लागतात. अर्जात संगणकाबरोबर हेडफोनही लिहावा, म्हणजे एका खोलीच्या घरातही मुलाला रात्री अभ्यास ऐकता येईल.