शिवाईच्या सावलीत

नवरात्रात घटाभोवतीच्या काळ्या मातीत धान्य पेरले की आम्हांस शिवनेरीची शिवाई आठवते, आणि तिच्या सावलीत दिवस कंठणाऱ्या गर्भवती जिजाऊसाहेबांचे स्मरण होते.

सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची ही कन्या १५९८ साली जन्मली व शहाजीराजांची पत्नी होऊन भोसल्यांच्या घरी आली. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची कपटाने हत्या झाली. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. दिवस मोजून पाहावेत. माहेरावर ही कुऱ्हाड कोसळली तेव्हा जिजाऊंना जेमतेम दुसरा-तिसरा महिना असावा.

आम्ही वर्षानुवर्षे कीर्तनात जिजाऊंचे वीरश्रीचे डोहाळे रंगवून सांगत आलो. ते भक्तीने भरलेले रंग आहेत. त्या रंगांत माउलीच्या डोळ्यांत आम्ही कधी पाणी येऊ दिले नाही. एका नवरात्रात मुळा-मुठेच्या काठी, खराडी येथे, कथा संपल्यावर एक गर्भवती लेक नमस्कारास आली. तिचे वडील महिन्यापूर्वीच निवर्तले होते. रडल्याने बाळास बाधेल, असे घरची मंडळी सांगत. म्हणून तिने दुःख आतच कोंडले होते. जिजाऊ रडल्या नसतील का, एवढेच तिने विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

पिता, दोन बंधू आणि भाचा एका दिवशी गेल्यावर कोणती लेक रडणार नाही? आशा म्हणजे शोकाचा अभाव नव्हे. डोळे पुसत उद्याची तजवीज करणे, ही आशा. शिवाय तो धीर एकटीचा नव्हता. शिवनेरीसारखा बळकट गड होता, गडावरील विश्वासरावांशी भोसल्यांची सोयरीक होती, भोवती आपली माणसे होती आणि शिवाईचा आधार होता.

पुढेही दिवस सुखाचे नव्हते. १६३० पासून दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. आदिलशाही सरदाराने पुणे जाळून उजाड केले. त्याच पुण्यात बाल शिवरायांना घेऊन जिजाऊ आल्या; सोन्याच्या नांगराने ती भूमी नांगरल्याची कथा परंपरा आजही सांगते. ६ जून १६७४ रोजी पुत्राचा राज्याभिषेक पाहून १७ जून रोजी पाचाड येथे त्यांनी देह ठेवला.

आता आम्ही कथेत जिजाऊंना रडू देतो. घरोघरच्या सासवांना, मातांना आणि पतिराजांना आमचे सांगणे एवढेच: गर्भवतीस धीराचे उपदेश देण्याआधी तिच्याजवळ बसावे, तिचे ऐकावे. झोप व अन्न तुटले, चिंता हटेना, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. त्यात श्रद्धेस उणेपणा नाही. घटातील धान्य मंत्राबरोबर रोजच्या ओंजळभर पाण्यानेही रुजते.