क्रूसावरची अक्षरं

मिहानकडून वर्धा रोडने नागपूर शहरात यायचं आणि पुढे सदरला गेलं की ऑल सेंट्स कॅथेड्रल दिसतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ही वास्तू. आपण ती रस्त्यावरूनच बघतो आणि पुढे जातो. आत काय असतं, कुठली वस्तू कशासाठी असते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. पण मैत्रिणींनो, इंग्लंडमधल्या एका गावच्या अशाच चर्चमध्ये १८८३ साली आपली एक मराठी बाई, कडेवरच्या वयाची लेक घेऊन उभी होती. तिचं नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींनाही संस्कृत शिकवलं, त्यामुळे लोकांचा रोष ओढवून घेतला. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरलं. उपासमारीत आई, वडील, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. दोन वर्षंही झाली नाहीत तोच कॉलऱ्याने ते वारले. पदरात तान्ही मनोरमा.

अशा वेळी दुसरी खचली असती. रमाबाईंनी पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पैशातून इंग्लंडचं तिकीट काढलं. डॉक्टर व्हायचं होतं. पण कानांनी नीट ऐकू येत नसल्याने ते राहून गेलं.

वॉन्टेज हे इंग्लंडमधलं छोटं, बाजारपेठेचं गाव. तिथल्या मठातल्या सिस्टर्सकडे त्या राहिल्या. गावचं चर्च मूळचं सहाशे वर्षं जुनं. १८५७ च्या सुमारास जॉर्ज स्ट्रीट या नामांकित वास्तुरचनाकाराने त्याचा जीर्णोद्धार केला. पुढे लंडनचं मोठं न्यायालय बांधलं ते हेच स्ट्रीट. इमारतीचा आराखडा क्रूसासारखा, मधोमध बुरूज. अशा चर्चची मांडणी आपल्याला समजायला अवघड नाही. लोक बसतात तो भाग म्हणजे आपला सभामंडप. पुढे पूर्वेला, उंचावर, गाभाऱ्यासारखी पवित्र जागा आणि तिथे वेदी. वाचनासाठी एक उंच घडवंची, प्रवचनासाठी व्यासपीठ. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र मात्र सहसा दाराजवळ असतं, कारण बाप्तिस्मा म्हणजे धर्मात पहिलं पाऊल. वॉन्टेजच्या चर्चमध्ये जुनी कोरीव लाकडी आसनंही आहेत. त्यांच्या फळ्या वर उचलल्या की खाली छोटं टेकण दिसतं. प्रार्थनेला तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना हळूच टेकता यावं म्हणून ती सोय!

जुन्या काळी इंग्लंडात श्रीमंत घराण्यांची बसायची जागा दार लावून बंद केलेली असायची, गरिबांनी मागे बसायचं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ठिकठिकाणी ती लाकडी खोकी काढून सगळ्यांसाठी उघडी बाकं आली. देवाच्या दारातली उच्चनीचता तिकडेही होतीच म्हणायची.

या चर्चमध्ये २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. इकडे महाराष्ट्रात केवढी खळबळ! आपल्या लोकांना त्या परक्या झाल्या असं वाटलं. आणि तिकडच्यांना? आता ही आपण सांगू तसं वागेल, असं वाटलं. दोघांचाही अंदाज चुकला.

मठातल्या सिस्टर्सनी गळ्यात घालायला क्रूस दिला. त्यावर लॅटिन अक्षरं कोरलेली. रमाबाईंना क्रूसाचं वावडं नव्हतं, पण लॅटिन कशासाठी, असा त्यांचा सवाल. संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये जास्त पावित्र्य कुठून आलं? आपल्या देशातल्या बायकांना त्या अक्षरांतून काय कळणार? मला संस्कृत अक्षरं हवीत, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. जेवणाचंही तसंच. शेवटपर्यंत त्या शाकाहारी राहिल्या. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व वाटला. विचार करा, परका देश, जवळचं असं कुणी नाही, सोबत आलेल्या मैत्रिणीचा तिथेच करुण अंत झालेला, अन्न-निवारा त्या सिस्टर्सचाच. तरी ही बाई मान तुकवत नाही. देव स्वीकारला म्हणून त्याच्याबरोबर आलेलं सगळंच सामान डोक्यावर घेतलं पाहिजे असं थोडंच आहे?

पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी निधी उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतात फिरून त्यांनी उपाशी बायका-मुलींना आधार दिला. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. मुलींना विणकाम, शेती, छपाई, सगळं शिकवलं जाई. आज मिहानमधल्या कामावर सकाळी निघणाऱ्या मुली बघितल्या की मला त्या छापखान्यातल्या मुली आठवतात. स्वतःच्या कष्टाची भाकरी, हा धडा तेव्हाचाच.

केडगावात रमाबाईंनी मोठं दगडी चर्चही बांधलं. पण तिथे शेकडो जणी जमिनीवर, आपल्या घरात बसतो तशा, बसायच्या आणि मराठीत भजनं म्हणायच्या. पुढचं बाक कोणाचं, मागचं कोणाचं, हा प्रश्नच उरला नाही. त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला. क्रूसावरच्या अक्षरांचा वाद त्यांनी असा आयुष्यभराच्या कामातून निकालात काढला.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. बायबलचं काम मात्र त्यांनी हातावेगळं केलं होतं.

माहेर बदलतं, गाव बदलतं, कुणाकुणाचा धर्मही बदलतो. नव्या घरात गेल्यावर काय घ्यायचं आणि काय नम्रपणे परत करायचं, हे ठरवायचा हक्क आपला असतो. पुढच्या वेळी सदरहून जाताना त्या कॅथेड्रलकडे जरा थांबून बघा. रमाबाई आठवतील.