शत्रूच्या लेकरांसाठी नाताळची भेट : एग्लंटाइन जेब

दरवर्षी २८ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा बेथलेहेमच्या निष्पाप बालहुतात्म्यांचे स्मरण करते. १९१९ साली हा सण आला तेव्हा पहिले महायुद्ध संपून वर्ष लोटले होते. त्या दिवशी जगभरातील कॅथलिक चर्चेसमध्ये मध्य युरोपातील भुकेल्या मुलांसाठी दान गोळा व्हावे, असे आवाहन पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी केले होते. त्याच मुलांसाठी एक अँग्लिकन स्त्री इंग्लंडमध्ये जिवाचे रान करीत होती. तिचे नाव एग्लंटाइन जेब.

एग्लंटाइन यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, एलस्मिअर येथील सुखवस्तू घराण्यात झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठात इतिहासाचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी गरिबांच्या प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी पत्करली. तथापि मुलांच्या गोंगाटात त्यांचा जीव रमला नाही. आपला पिंड शिक्षिकेचा नाही हे ओळखून थोड्याच काळात त्यांनी ते काम सोडले. पुढे केंब्रिज येथे त्या समाजसेवेत शिरल्या आणि त्या शहरातील गरिबीचा अभ्यास करून त्यांनी १९०६ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. १९१३ मध्ये बाल्कन युद्धाने होरपळलेल्या मॅसिडोनियात मदतकार्यासाठी गेल्या असता निर्वासितांची दैना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. युद्ध कोणीही जिंको, त्याची सर्वांत जबर किंमत लेकरांनाच मोजावी लागते, हे त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी महायुद्ध थांबले, परंतु जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांची नाकेबंदी उठली नाही. तह पदरात पडेपर्यंत दोस्त राष्ट्रांनी ती चालू ठेवली. त्यामुळे व्हिएन्नासारख्या शहरांत दूध व धान्य मिळेनासे झाले आणि अपुऱ्या आहाराने मुलांची हाडे वाकली. एग्लंटाइन यांची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन परदेशी वृत्तपत्रांतील मजकुराचे भाषांतर करून ही माहिती इंग्रज वाचकांपुढे मांडत होती. इंग्लंडमध्ये मात्र घरोघरी कोणाचा तरी मुलगा, पती वा भाऊ रणांगणावर पडला होता. शत्रूच्या पोरांना घास द्यावा, हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते.

१९१९ च्या वसंत ऋतूत एग्लंटाइन यांनी लंडनच्या ट्राफल्गर चौकात पत्रके वाटली. त्यांवर ऑस्ट्रियातील एका कुपोषित बालकाचे छायाचित्र होते. युद्धकालीन नियमांनुसार सरकारी परवानगी न घेतल्याबद्दल त्यांना अटक झाली. मे महिन्यात खटला उभा राहिला आणि त्यांनी आपली बाजू स्वतः मांडली. पाच पौंडांचा दंड झाला. पण सुनावणी संपताच सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी तेवढीच रक्कम त्यांच्या हाती ठेवली, असे सांगतात. त्यानंतर १९ मे १९१९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील भरगच्च सभेत 'सेव्ह द चिल्ड्रन फंड' या संस्थेची घोषणा झाली.

या कार्याला ख्रिस्ती जगाचा आधार मिळावा म्हणून एग्लंटाइनबाईंनी पोपमहोदयांकडेही धाव घेतली. बेनेडिक्ट पंधरावे यांनी युद्धकाळात शांततेसाठी अखंड धडपड केली होती. त्यांनी २४ नोव्हेंबर १९१९ च्या विश्वपत्राद्वारे २८ डिसेंबरच्या दानसंकलनाचा आदेश दिला आणि एग्लंटाइनबाईंना रोममध्ये आस्थेने भेटही दिली. पुढील वर्षी, १ डिसेंबर १९२० रोजी, नाताळच्या तोंडावर त्यांनी दुसरे विश्वपत्र काढले व त्यात या संस्थेचा नावानिशी गौरव केला. सुखवस्तू नगरांतील बालकांनी आपल्या उपाशी भावंडांचे स्मरण ठेवावे, अशी विनंतीही त्यांनी केली. त्या काळी कॅथलिक व प्रॉटेस्टंट पंथांत मोठा दुरावा असताना बालकांच्या भुकेने दोघांना एका कामात आणले, ही साधी गोष्ट नव्हे.

६ जानेवारी १९२० रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, जिनिव्हा येथे या कार्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९२१ मध्ये रशियात भीषण दुष्काळ पडला. तेथे देवाला न मानणारी साम्यवादी राजवट होती. तेव्हाही टीका झाली. तरीसुद्धा अन्नधान्याने भरलेले जहाज लंडनहून निघाले आणि व्होल्गाकाठच्या सारातोव प्रांतात मुलांसाठी अन्नछत्रे उभी राहिली. बालकाचा देश, वंश वा धर्म न विचारता मदत करणे, हाच एग्लंटाइनबाईंचा दंडक होता.

परंतु दया दात्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हक्क नव्हे, हेही त्यांनी जाणले होते. म्हणून १९२३ साली त्यांनी बालहक्कांचा पाच कलमी जाहीरनामा तयार केला. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, अनाथाला निवारा आणि संकटसमयी सर्वांत आधी बालकाला मदत, असा त्याचा आशय होता. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. संयुक्त राष्ट्रसंघाचा २० नोव्हेंबर १९८९ चा बालहक्क करार याच बीजाचा वृक्ष आहे. १९९२ साली भारतही त्या करारात सामील झाला.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती खालावत गेली. १७ डिसेंबर १९२८ रोजी, नाताळला आठवडा उरला असताना, वयाच्या ५२ व्या वर्षी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. त्यांना स्वतःचे मूल नव्हते.

नाताळची भेट आपण बहुधा आपल्याच माणसांना देतो, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र गव्हाणीत जन्मलेल्या बाळालाही हेरोदच्या तलवारीपासून वाचण्यासाठी परक्या मिसर देशात आसरा घ्यावा लागला होता. ज्याच्याशी आपले नाते नाही, किंबहुना ज्याच्या बापाशी आपले वैर आहे, अशा लेकराच्या हाती पोहोचलेली भेट त्या बाळापर्यंत नक्कीच पोहोचते. यंदा २८ डिसेंबरच्या मिस्साबलिदानात बालहुतात्म्यांचे स्मरण करताना, आपल्या दानात अशा एखाद्या लेकराचा वाटा आहे का, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाहावे.